संघाचे जुने दगडी दुकान आणि गोदाम: वय कसे ओळखावे, भिंती कशाने खचतात, दुरुस्ती कुठून सुरू करावी

प्रश्न थोडक्यात असा. देशावरच्या एका तालुका खरेदी-विक्री संघाचे बाजारपेठेत जुने दुकान आहे, त्याला लागून मागे गोदाम आहे. काळ्या दगडाच्या भिंती, सागवानी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), वर मंगळुरी कौले, पुढे उंच ओटा. खते, बियाणे, औषधे, अवजारे सगळे इथूनच विकले गेले. आता खालचा गिलावा दर दोन-तीन वर्षांनी पोपडे धरून पडतो, गोदामाची एक भिंत फुगली आहे, छप्पर गळते. कंत्राटदाराचे म्हणणे, पाडून आरसीसी करा. ते नको असेल तर सगळीकडे सिमेंटचा जाड गिलावा मारा आणि कौले उतरवून पत्रा घाला. संचालक मंडळाला इमारतीचे वय, तिच्यात राखण्यासारखे काय आहे आणि दुरुस्तीची रीत हे कळायला हवे आहे.

इमारत पाडू नका, पण तिच्यातून खत बाहेर काढा. या जातीच्या इमारती वयाने फारशा खचत नाहीत. धान्य, सरकी, पेंड, गूळ आणि लोखंडी अवजारे यांच्यासाठी बांधलेल्या खोल्यांत रासायनिक खताच्या थप्प्या लागल्या आणि त्या क्षाराने भिंती आतून पोखरल्या. हे कारण जागेवर ठेवून केलेली कोणतीही दुरुस्ती टिकत नाही. सिमेंटचा गिलावा तर नुकसान वाढवतो.

वय शोधताना

संस्थेच्या नोंदणीचे वर्ष आणि इमारतीचे वर्ष एकच असेल असे धरू नका. १९०४ चा सहकारी कायदा फक्त पतपुरवठ्याच्या संस्थांसाठी होता. खरेदी-विक्री करणाऱ्या संस्थांना नोंदणीची वाट १९१२ च्या कायद्याने मोकळी झाली आणि मुंबई इलाख्याचा स्वतंत्र कायदा १९२५ साली आला. त्यामुळे कोणी "आमचा संघ १९०७ चा" म्हणत असेल तर ती बहुधा पतपेढी असणार, आणि पुढे संघ तिच्यातून किंवा तिच्या शेजारी उभा राहिला असणार. मराठवाड्यात निजामाच्या राज्याचे कायदे वेगळे आणि जुने दप्तर बरेचसे उर्दूत. वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा १८९७ इतका जुना आहे, म्हणून तिकडच्या बाजारपेठेतली इमारत देशावरच्या सारख्याच दिसणाऱ्या इमारतीपेक्षा जुनी निघू शकते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ १८९५ मध्ये वसवली, त्यामुळे त्या भागात गुळाच्या अडत दुकानांचा घाटच नंतरच्या सहकारी दुकानांनी उचललेला दिसतो.

सहकारी गोदामे मोठ्या प्रमाणावर बांधली गेली ती स्वातंत्र्यानंतर. गोरवाला समितीचा ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ मध्ये आला. कर्ज, विक्री आणि साठवण या तिन्हींची सांगड घातल्याशिवाय शेतकरी सावकाराच्या हातून सुटणार नाही, हे त्याचे सूत्र. त्यापाठोपाठ १९५६ मध्ये साठवण आणि वखार महामंडळांचा कायदा झाला, १९५७ मध्ये केंद्रीय आणि राज्य वखार महामंडळे आली, १९५८ मध्ये राज्य पणन महासंघ, १९६३ मध्ये राष्ट्रीय सहकारी विकास निगम. तालुका संघांना गोदामासाठी कर्ज आणि अनुदान मिळू लागले ते याच सुमारास. म्हणून तुमची इमारत एका वेळी बांधलेली नसण्याचीच शक्यता जास्त. पुढचे दुकान एखाद्या अडत्याकडून विकत घेतलेले, मागचे गोदाम १९५६ ते १९७० च्या दरम्यान जोडलेले, ही जोडी फार ठिकाणी आढळते. दुकानाची भिंत गोदामाच्या भिंतीला जिथे मिळते तिथे बाहेरून पाहा. दगड एकमेकांत न गुंफता उभी सरळ फट वरपर्यंत गेली असेल तर दोन भाग दोन वेळचे आहेत.

कागदांत सगळ्यात उपयोगी पडतो तो जुना ताळेबंद. "इमारत खाते" ज्या वर्षी पहिल्यांदा दिसते आणि ज्या वर्षी त्याची रक्कम एकदम वाढते, ती दोन वर्षे पकडा. मग त्याच वर्षांची संचालक सभेची इतिवृत्ते, गोदाम कर्जाचे गहाणखत, नगरभूमापनाची मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ ताडून पाहा. कोनशिलेवर फार विसंबू नका; ती पुष्कळदा नूतनीकरणाची किंवा उद्घाटनाची असते.

इमारत स्वतःही वय सांगते. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा ठसा असतो. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला. पहिल्या महायुद्धात जर्मन मालमत्ता म्हणून तो जप्त झाला आणि पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टच्या नावाने कौले निघू लागली. मिशनचा ठसा असेल तर कौल महायुद्धाआधीचे, ट्रस्टचा असेल तर नंतरचे. मात्र कौले बदलली जातात, दुसरीकडून आणूनही घातली जातात. छपराच्या दोन्ही पाखांवरून (उतारांवरून) वेगवेगळ्या जागची दहा-बारा कौले उलटून पाहा. सगळ्यात जुना ठसा सापडला म्हणून तेच इमारतीचे वर्ष ठरत नाही. लोखंडी तुळईच्या उभ्या पोटावर उठावाची अक्षरे असतात. विलायती कंपनीचे नाव असेल तर ती आयात केलेली. टाटांचे पोलाद १९१२ पासून निघाले, त्यामुळे त्यांचा ठसा असलेली तुळई त्याआधीची असूच शकत नाही.

मग मसाला पाहा. खिळ्याने दर्जा (दगडांच्या सांध्यात भरलेला मसाला) खरवडली की पांढऱ्या चुन्याच्या बारीक गोळ्या दिसतात किंवा गुलाबी झाक येते, तर तो चुना, गुलाबी असेल तर सुरखीसह, म्हणजे विटांच्या भुकटीसह. राखाडी, एकसारखा, खिळ्याला दाद न देणारा असेल तर सिमेंट. पोरबंदरला सिमेंट निघाले १९१४ मध्ये, आणि तालुक्याच्या गावांत ते सर्रास वापरात आले पुष्कळ नंतर. ॲसिड टाकून फेस येतो का पाहण्याची रीत इथे फसवी ठरते, कारण जुने सिमेंटही थोडे फसफसते. आतला मसाला निव्वळ माती आणि बाहेरून तेवढ्या चुन्याच्या दर्जा, असेही खूप सापडते. फुगलेल्या भिंतीच्या बाबतीत हे आधी तपासा.

रचना कशासाठी होती

ओट्याची उंची मोजा. जुन्या दुकानांत ती बहुधा अडीच ते तीन फुटांच्या आसपास भरते, म्हणजे बैलगाडीच्या साटीच्या जवळपास. पोते खांद्यावर न घेता गाडीतून सरळ ओट्यावर ओढता यावे, ही त्यामागची सोय. मालमोटार आल्यावर तो ओटा अपुरा पडला आणि पुष्कळ ठिकाणी वर काँक्रीटचा थर चढवला गेला. तो थर ओळखून ठेवा. पुढे भिंतीत ओल चढते त्यात त्याचा मोठा वाटा असतो.

जोत्याच्या माथ्यावर दगडाची एक ओळ दोन-तीन इंच बाहेर काढलेली असेल तर ती नक्षी म्हणून नाही, उंदरासाठी आहे. उंदीर घडीव दगडावरून वर येतो आणि बाहेर आलेल्या काठाला अडतो. तिच्याखाली कोणी नळ, पायरी किंवा भंगार टेकवले की ती निकामी. दुकानाच्या तोंडाला पूर्वी खाचेत सरकवायच्या फळ्या असत. शटर आले तेव्हा फळ्या गेल्या, पण उंबऱ्याच्या दगडातली खाच अजून दिसते. ती बुजवू नका. दुकानातल्या पहिल्या कैचीच्या आडव्या तुळईला लोखंडी कडी सापडेल. तिला वजनाचा काटा टांगत. कडीचा आतला काठ झिजलेला असतो.

गोदामाच्या भिंती दीड ते दोन फूट जाड, खिडक्या नाहीत, फक्त छताजवळ जाळीचे झरोके. आतली गरम हवा वर जाऊन बाहेर पडावी, पोत्यांवर ऊन आणि पाऊस येऊ नये आणि चोराचा हात पोचू नये, अशा तिन्ही गरजा त्यांनी भागतात. जुन्या झरोक्यांना आतून लाकडी झडप असे. झडपा मोडल्या की लोक त्या परत बसवत नाहीत, आणि खताच्या गोदामात हाच तोटा सगळ्यात महाग पडतो. युरिया ३० अंश तापमानाला हवेतली आर्द्रता ७२-७३ टक्क्यांच्या वर गेली की हवेतून पाणी ओढायला लागतो. पावसाळ्यात आपल्याकडची हवा आठवडेच्या आठवडे त्याच्या वर असते. म्हणजे खेळती हवा नेहमीच चांगली, हा नियम खताला लागू पडत नाही. कोरड्या ऋतूत झरोके उघडे, पावसाळी हवेत बंद, आणि थप्पीवर प्लास्टिकचे कापड.

माळा असेल तर तो बारदानाचा. हलका माल वर, लोखंड खाली. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये उभी राहिली आणि लोखंडी नांगर गावोगाव पोचले, तसे दुकानांत फाळ, साखळ्या, नांगराचे सुटे भाग ठेवायला दगडी फरशीची, कोरडी, दाराजवळची जागा लागू लागली. तुमच्या दुकानात दाराच्या एका बाजूची शहाबादी फरशी जास्त खरवडलेली असेल, तर लोखंडाची जागा ती.

क्षार भिंतीत कसा शिरतो

सिंद्रीचा खत कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला आणि अमोनियम सल्फेट पोत्यांनी येऊ लागले. मुंबईजवळ तुर्भ्याचा (ट्रॉम्बेचा) खत कारखाना १९६५ च्या सुमारास उत्पादनात आला, १९६६ पासून संकरित वाणांचा कार्यक्रम चालला, आणि युरिया, सुफला, पोटॅश यांच्या थप्प्या याच जुन्या गोदामांत छतापर्यंत लागल्या. सुरुवातीची तागाची पोती ओलाव्याने कुजत आणि फाटत. सांडलेले खत झाडून कोपऱ्यात लोटायचे, हंगाम संपला की फरशी पाण्याने धुवायची. नुकसान झाले ते या धुण्याने. खत पाण्यात विरघळते, फरशीच्या सांध्यातून जोत्यात उतरते, आणि भिंत ते पाणी दिव्यातल्या वातीसारखे वर ओढते. दोन ते चार फुटांवर पाणी वाळते आणि क्षार तिथेच स्फटिक होऊन बसतो. पावसाळ्यात तो पुन्हा विरघळतो, उन्हाळ्यात पुन्हा फुगतो. काळा दगड याला दाद देत नाही, पण दर्जेतला चुना भुगा होतो, विटांचे पापुद्रे निघतात, शहाबादी फरशी पानासारखी सुटते. आपण "लोणा धरला" म्हणतो तो हाच, फक्त नेहमीच्या मिठाऐवजी नायट्रेट, सल्फेट आणि पोटॅशमधले क्लोराइड यांचा.

यावर सिमेंटचा गिलावा मारला की भिंतीतले पाणी त्यातून बाहेर पडू शकत नाही. ते आणखी वर चढते आणि गिलाव्याच्या मागे वाळते. गिलावा पत्र्यासारखा सुटून पडतो आणि मागची दर्जा सोबत घेऊन जातो. दर वेळी ओलीची रेघ आधीपेक्षा वर दिसते ती यामुळेच. टाइल लावणे, ऑइलपेंट, प्लास्टिक रंग यांचाही परिणाम तोच. आरसीसी केले तरी सुटका नाही. अमोनियम सल्फेट काँक्रीटमधला चुना खाते आणि पोटॅशमधले क्लोराइड सळईला गंज चढवते. खत उघड्या काँक्रीटला टेकून ठेवले तर नव्या इमारतीच्या खांबांचे पायही काही वर्षांत फुटू लागतात.

आधी मोजमाप करा. भिंतीच्या चार उंचींवर, जमिनीपासून अर्धा फूट, दीड, तीन आणि पाच फुटांवर, हळू फिरणाऱ्या ड्रिलने भुकटी काढा. प्रत्येक जागी वरचे २ सेंटिमीटर वेगळे आणि त्यामागचे ३ सेंटिमीटर वेगळे. भुकटी लगेच बंद पिशवीत. एक भाग भुकटी, पाच भाग शुद्ध पाणी असा काढा करून माती परीक्षण प्रयोगशाळेत त्याची विद्युतवाहकता मोजून घ्या. हे उपकरण त्यांच्याकडे असतेच. आकडा किती आला यापेक्षा पाच फुटांवरच्या नमुन्याच्या तुलनेत खालचे नमुने किती पट आहेत, ते पाहा. वरच्या २ सेंटिमीटरमध्ये क्षार जास्त आणि आत कमी असेल तर काम सोपे. आतही तितकाच असेल तर दोन-तीन उन्हाळे लागतील, हे मंडळाला आधीच सांगून ठेवा.

मग काम असे. खत हलवा. सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेघेच्या वर दीड-दोन फूट जाईपर्यंत उतरवा, छिन्नी आडवी धरून, दगडाच्या कडा न फोडता. भुगा झालेली दर्जा बोटाने निघेल तितकी काढा. सगळी भुकटी कोरड्या ब्रशने झाडून पिशवीत भरा आणि आवाराबाहेर टाका. पाण्याने धुतलीत तर क्षार परत जोत्यात जाईल. बाहेरची जमीन पाहा. रस्त्याचे थर चढून ती आतल्या फरशीच्या पातळीला आली असेल तर भिंतीलगत खणून जोत्याचा दगड उघडा करा, तळाला उतार द्या आणि पाणी गटारात काढा. वळचणीला पन्हळ बसवा. हे दोन्ही झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

क्षार ओढून काढण्यासाठी लेप लावतात. भिजवलेल्या कागदाचा लगदा, शाडू माती आणि धुतलेली बारीक वाळू सारख्या मापाने घ्या. शाडू आणि वाळू यांचीही वाहकता आधी तपासा, नाहीतर बाहेरचा क्षार तुम्हीच आत घालाल. भिंत साध्या स्वच्छ पाण्याने ओलसर करून लेप दीड ते दोन सेंटिमीटर जाड थापा आणि पूर्ण वाळून आपोआप सुटू लागेपर्यंत, म्हणजे दोन ते चार आठवडे, राहू द्या. तो काढून टाका, परत वापरू नका. पुन्हा नमुने घ्या. सहसा दोन-तीन फेऱ्या लागतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा याचा काळ. मे महिन्याच्या झळीत लेप वरवर सुकतो आणि आतला क्षार ओढतच नाही.

त्यानंतर चुन्याच्या दर्जा. कळीचा (न विरवलेला) चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे. विरलेला चुना निदान तीन-चार आठवडे पाण्याखाली ठेवून मग बारीक जाळीतून गाळा. बाजारातला पिशवीतला चुना शिळा असू शकतो: चिमूटभर घेऊन त्यावर सौम्य ॲसिडचे थेंब टाका, जोरात फसफसला तर तो हवेने मेलेला, परत पाठवा. खालच्या ओलसर भागासाठी एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. सुरखी कच्च्या भाजलेल्या विटांची हवी. काळपट, जास्त भाजलेल्या विटांची सुरखी नुसती वाळूसारखी पडून राहते, चुन्याशी जुळत नाही. दर्जा रुंदीच्या दुप्पट, किमान एक इंच खोल मोकळी करा, ओली करा, दोन थरांत दाबून भरा, आणि ओले बारदान लावून दहा ते चौदा दिवस ओलावा ठेवा. गूळ, हिरड्याचे पाणी वगैरे घालायचे का, असे गवंडी विचारतील. क्षार लागलेल्या भिंतीत घालू नका. चुना आणि सुरखी चांगली असेल तर त्यांची गरज पडत नाही.

आतून तीन फूट उंचीपर्यंत एक भाग चुना, तीन भाग वाळू असा पातळ, खरखरीत गिलावा करा आणि वर चुन्याचे हात द्या. हा गिलावा उरलेला क्षार स्वतःत घेऊन काही वर्षांनी झडेल. तो झडायलाच केलेला असतो. तो पडला म्हणून गवंड्याला बोल लावू नका. तेवढाच तुकडा काढून नवा करा.

फुगलेली भिंत

देशावरच्या दगडी भिंती म्हणजे बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, मध्ये चिपा आणि मातीची भर. दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड कमी असले की पाणी मुरून भर खाली बसते आणि बाहेरचा पदर पोट काढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात असंख्य घरांच्या भिंती याच पद्धतीने सुटून पडल्या. भारतीय मानक ब्यूरोची दगडी बांधकामासाठीची शिफारस आहे: उंचीत दर ६० सेंटिमीटरच्या थराला आणि लांबीत १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता आरपार दगड हवा.

ओळंबा लावून दर एक फुटावर फुगवटा मोजा, काचेची पट्टी चिकटवून किंवा खुणा करून एक पावसाळा लक्ष ठेवा, आणि हातोडीने हलके ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते खडूने आखा. फुगवटा स्थिर असेल तर तो भाग न उतरवता शिवता येतो. किल्लारीनंतर वापरात आलेली रीत अशी: साधारण ७५ मिलिमीटरचे आरपार भोक हळूहळू दगड सैल करत पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडा असलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवायची आणि १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरायचे. असे टाके सुमारे एक मीटर अंतराने, वरच्या-खालच्या ओळीत एकाआड एक. क्षार असलेल्या पट्ट्यात साधी सळई घालू नका, स्टेनलेस घ्या. फुगवटा वाढत असेल किंवा भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाजवळ गेला असेल तर कैच्यांना टेकू देऊन तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधावा लागतो, आणि ते संरचना अभियंत्याच्या देखरेखीशिवाय करू नये. पोकळीत सिमेंटचे पातळ पाणी दाबाने भरण्याचा सल्ला मिळेल. मातीच्या भरावात ते पसरत नाही आणि दाबाने फुगवटा वाढतो.

छप्पर

कंत्राटदाराच्या पत्र्याच्या सूचनेत एक धोका लपलेला आहे. मंगळुरी कौल दोन ते तीन किलोचे, चौरस मीटरला सुमारे पंधरा लागतात. दहा मीटर रुंद आणि वीस मीटर लांब गोदामावर उतार धरून सव्वादोनशे चौरस मीटर छप्पर होते, म्हणजे जवळजवळ नऊ टन वजन. हे वजनच वादळात छप्पर खाली धरून ठेवते. जुन्या कैच्या पुष्कळदा भिंतीवर नुसत्या टेकलेल्या असतात. नऊ टन उतरवून हलका पत्रा घातला आणि कैच्या भिंतीत खोलवर बांधल्या नाहीत, तर वळवाच्या वाऱ्यात पत्रा कैच्यांसकट उचलला जातो. शिवाय पत्र्याच्या पोटाला पहाटे दव धरते आणि ते थेंब बियाण्यावर पडतात. कौलेच ठेवा.

कौले उतरवताना दोन्ही पाखांवरून बरोबरीने, आढ्याकडून खाली, ओळीओळीने उतरवा. एक पाख रिकामे आणि दुसरे भरलेले ठेवले तर कैची एका अंगाला झुकते. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवा: खणखणीत वाजले तर ठेवा, बद्द वाजले तर त्यात बारीक तडा आहे. नवी कौले घेताना जुने सोबत न्या. वेगवेगळ्या कारखान्यांचे साचे थोडे वेगळे असतात, खाचा बसत नाहीत आणि तिथेच गळते. म्हणून जुनी चांगली कौले सगळी एका पाखावर आणि नवी सगळी दुसऱ्या पाखावर घाला. रिपांचे (कौले अडकवायच्या आडव्या पट्ट्यांचे) अंतरही ठरलेल्या आकड्याने नाही, तर तुमच्या कौलांच्या दहा नगांची खाचेत बसवलेली लांबी मोजून काढा. वळचणीच्या दोन ओळी तारेने बांधा.

कैचीत कुजते ते टोक, भिंतीत गाडलेले. स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा; पाऊण इंच सहज गेला तर टोक गेले. सगळी कैची बदलायची गरज नसते. कुजका भाग कापून, तुळईच्या खोलीच्या तिप्पट लांबीचा तिरपा सांधा देऊन जुन्या सागाचा तुकडा जोडा, १२ मिलिमीटरचे गंजरोधक बोल्ट घाला, टोकाखाली दगडी पाट ठेवा आणि तिन्ही बाजूंनी एक इंच हवा राहू द्या. बोल्ट आणि लोखंडी पट्ट्या खताच्या वाफेने सडलेल्या असतील, त्या ठोकून पाहा. दिसायला जाड असतात आणि आत पापुद्रे.

औषधांची खोली

याकडे दुर्लक्ष होते आणि ते गंभीर आहे. बीएचसी पावडर आणि डीडीटी ही औषधे अशा दुकानांत वर्षानुवर्षे सुटी मोजून दिली गेली. शेतीतला डीडीटीचा वापर १९८९ मध्ये थांबवला गेला, बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. त्यांची धूळ लाकडी फळ्यांत, फरशीच्या सांध्यात, कैचीच्या माथ्यावर अजून असते, कारण ती लवकर विघटित होत नाही. ही खोली कोरडी झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकी बंद पिशवीत टाका, मजुरांना धूळ आणि रासायनिक वाफ दोन्ही अडवणारा मास्क आणि हातमोजे द्या. जुने डबे, पाकिटे सापडली तर जाळू नका, पुरू नका. यादी करून कृषी विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. इथल्या फळ्या, कपाटे दुसऱ्या कामाला वापरू नका. नूतनीकरणानंतर या खोलीत अंगणवाडी, उपाहारगृह किंवा धान्यविक्री करायचा विचार असेल तर फरशीच्या भुकटीची कीटकनाशक तपासणी झाल्याशिवाय परवानगी देऊ नका.

खतासाठी मागच्या मोकळ्या जागेत साधे नवे शेड पुरते. जोते उंच, फरशीखाली ओल अडवणारा जाड प्लास्टिकचा थर, थप्पीखाली लाकडी डनेज (पोती जमिनीपासून उचलून धरणाऱ्या फळ्या), भिंतीपासून दोन फूट सोडून थप्पी, सांडलेले खत त्याच दिवशी कोरडे झाडून पोत्यात. औषधे कायद्याने इतर मालापासून वेगळी, स्वतंत्र खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात ठेवावी लागतात; त्यांची खोलीही तिथेच करा. जुन्या इमारतीत बियाणे, अवजारे, दुकान आणि कार्यालय राहू दे.

कामाचा क्रम ऋतूवर बांधा. खत हलवणे, जमीन उतरवणे आणि पन्हळ दिवाळीपूर्वी. गिलावा काढण्याआधी भिंतीवरच्या जुन्या रंगवलेल्या जाहिराती आणि भावफलकांचे मोजपट्टी धरून फोटो घ्या. त्यातली अक्षरे ओलीच्या रेघेच्या वर असतील तर त्यांना हात लावू नका. दर्जा नोव्हेंबर ते जानेवारी, पण जिथे लेप लावायचा आहे तेवढी पट्टी सोडून. लेप फेब्रुवारीपासून, आणि त्या पट्टीतल्या दर्जा पुढच्या हिवाळ्यात. छप्पर एप्रिलमध्ये उघडा आणि मे संपण्याआधी बंद करा. पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी आतून टॉर्च घेऊन वळचण, आढे आणि दोन इमारतींच्या सांध्याची पन्हळ पाहा. या सांध्यात पाणी मुरले तर दोन्ही भिंती एकदम भिजतात.